बावन्न मीटरवर

ही गोष्ट खरी आहे. ज्याला खोटी वाटते त्याने खुशाल खोटी समजावी, मी कुणाची मनधरणी करणार नाही.

भुताच्या गोष्टी म्हणे रात्री घडतात. ही मंगळवारी, भर दुपारी सव्वातीनला घडली. बंद पडलेल्या एका छापखान्याच्या तळघरात.

मी वायरिंगची कामं करते. गल्लीत मला लाइटवाली म्हणतात. हे काम मला दादाने, माझ्या मोठ्या भावाने शिकवलं. तो याच छापखान्यात, पंपाच्या खोलीत, शॉक लागून गेला. त्याला आता तीन वर्षं झाली.

त्या दिवशी स्विचबोर्डपाशी मी होते.

तळघरात मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून आम्ही आमची जुनी पद्धत वापरली. फोनच्या जुन्या वायरीची टोकं दादा पलीकडे एकमेकांना टेकवायचा आणि माझ्याकडे बझर वाजायचा. तीनदा म्हणजे 'हीच वायर'. पाचदा म्हणजे 'बंद कर'.

पाचदा वाजला. मी 'पंप' अशी चिठ्ठी असलेला स्विच खाली ओढला आणि झालं म्हणून त्याच वायरीवरून उलट कळवलं. माझ्यावर विसंबून दादाने वायरीला हात लावला.

वायरीत करंट होता.

चौकशीत छापखान्याच्या इंजिनिअरसाहेबांनी लिहिलं, 'बहिणीने स्विच बंद केलाच नाही.' वहिनीने ते वाचलं. त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही. समोर दिसले तर दार लावून घ्यायची.

मी बंद केला होता. तीन वर्षं कंठशोष करून हेच सांगत होते, पण कुणी कानावर घेत नव्हतं.

शुक्रवारी इमारत पाडणार होते. केबली ओढून काढल्या की पुरावा संपलाच. म्हणून मी केबलची लांबी मोजायचा टेस्टर घेऊन तिथे गेले. हातात मावेल एवढं यंत्र. त्याला केबल कोणत्या प्रकारची ते सांगायचं, एका टोकाला चिमटे लावायचे. ते केबलमधून एक सिग्नल सोडतं, तो पलीकडच्या टोकावरून परत येतो आणि लांबी कळते. टोक मोकळं असलं तर 'ओपन' दाखवतं. तिथे तारा एकमेकींना टेकल्या असल्या तर 'शॉर्ट'.

उद्या कुणी आकड्यावर बोट ठेवायला नको, म्हणून आधी पन्नास मीटरची नवी गुंडाळी तपासली. बरोबर पन्नास. मग स्विचबोर्डपासून पंपाच्या खोलीपर्यंतचं अंतर टेपने मोजलं. एकशे चाळीस.

रखवालदार काका जिन्यात बसले होते. इमारतीची वीज केव्हाच तोडली होती, तरी मी स्वतः तपासून घेतलं. एकदा पोळलेली आहे मी. मग 'पंप'च्या केबलला चिमटे लावले.

बावन्न मीटर. ओपन.

पुन्हा मोजलं. बावन्न.

ती केबल पंपापर्यंत पोचतच नव्हती. पंपाची लाइन कधीतरी दुसऱ्या स्विचवर नेली होती आणि चिठ्ठी बदलायची राहिली होती. चिठ्ठ्या लावायचं काम साहेबांचं.

मी आकडा मेमरीत साठवला. चिमटे काढायला हात पुढे केला, आणि...

स्क्रीनवर 'शॉर्ट' आलं.

मग 'ओपन'.

शॉर्ट... ओपन... शॉर्ट... ओपन...

मी मोजत होते. पाच वेळा झालं आणि थांबलं.

मग पुन्हा पाच.

"काका, आत आणखी कोण आहे?"

"कोण असणार, ताई? किल्ली माझ्या खिशात आहे."

केबलच्या वाटेने आम्ही टेप लावत गेलो. बावन्न मीटरवर भिंत होती. केबल भिंतीत शिरत होती, वरून गिलावा. काकांनी हातोडी आणली. केबलचं टोक आतच होतं, सिमेंटमध्ये गच्च बसलेलं. तारांच्या मध्ये बोटभर सिमेंट. त्या एकमेकींना टेकणं शक्यच नव्हतं.

टोकं मात्र चकचकीत होती... नुकतीच घासल्यासारखी.

काकांचा चेहरा पांढराफटक पडला. "ताई, चला इथून."

"तुम्ही व्हा पुढे. तीन वर्षं मी सगळ्यांचं ऐकून घेतलंय. आज मी ऐकवणार आहे."

मी बोर्डापाशी परत आले. स्क्रीनवर तेच चालू होतं. पाच वेळा... थोडं थांबून, पुन्हा पाच.

"केला होता रे दादा," मी म्हणाले. तळघर घुमलं. "तू सांगितलंस आणि मी बंद केला होता. त्यांनी चिठ्ठी चुकीची लावली, त्याला मी काय करू?"

स्क्रीन थांबली.

मग पुन्हा सुरू झाली. या वेळी भराभर... कुणाला तरी घाई झाल्यासारखी.

मी चिमटे काढले नाहीत आणि जागची हललेही नाही. माझा सख्खा भाऊ होता तो, त्याला पाठ दाखवून मी का पळू? टेस्टरची बॅटरी संपेपर्यंत मी तिथेच बसून राहिले.

तिथून थेट वहिनीकडे गेले. ती दार लावायला लागली तेव्हा मी पाय आडवा घातला आणि सगळं सांगून टाकलं. भिंत, बावन्न मीटर, पाच खुणा. काहीएक लपवलं नाही.

वहिनी उंबऱ्यातून बाजूला सरली.

"आत ये," ती म्हणाली. "तुझी चूक नव्हती."

तीन वर्षांनी. मी तिथेच मटकन बसले आणि लहान मुलीसारखी रडले.

तिने पाणी आणून दिलं, शेजारी बसली आणि हळू आवाजात विचारलं, "मग ते अजून का सांगतायत गं, बंद कर म्हणून?"

इमारत पडली, केबली भंगारात गेल्या. साहेब म्हणतात, टेस्टर बिघडलेला असेल. म्हणू देत. पण त्या तळघरात वीज नव्हती हे मी स्वतः तपासलं होतं. मग दादा आहे तिथे अजून काय चालू आहे?

मला माहीत नाही. पण त्याचा स्विच कुठे असेलच, तर मी शोधून काढीन. आणि या वेळी चिठ्ठी वाचणार नाही.