वहीतली कोरी घरं

ही गोष्ट खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या घरातली. आणि ती अजून संपलेली नाही.

सुरुवात झाली गेल्या महिन्यात, एका रविवारी. दुपारी चार वाजता, तिच्या वडिलांच्या खोलीत.

ते माझे काका, व्हायोलिनचे मास्तर. पक्षाघाताचा झटका आल्यापासून वाचा गेलेली. चार दिवस अन्नाला शिवले नव्हते. चमचा दिसला की तोंड भिंतीकडे.

"पप्पा, एक घास घ्या ना. माझ्यासाठी!" ती रडकुंडीला आली होती.

शेवटी तिने जुनी वही काढली. दोन व्हायोलिनची रचना. वरची ओळ पप्पांनी लिहिलेली, खालची आईने. उभ्या रेघांनी पाडलेली चोवीस घरं. आईची सोळाच भरलेली...

सतरावं लिहायच्या आधीच आई वारली.

स्वर भरले की वाजवून दाखवणारं सॉफ्टवेअर लॅपटॉपवर होतं. तिने जिवाचं रान करून एकेक स्वर उतरवला. आईची रिकामी घरं रिकामीच ठेवली.

बटण दाबलं. सोळा घरं नीट वाजली.

मग सतरावं...

खालचं व्हायोलिन थांबलंच नाही.

स्क्रीनवर तिथे नुसत्या विरामाच्या खुणा. आणि सूर किंचित मागे पडत होता. कॉम्प्युटर कधी मागे पडत नाही. आई पडायची. पप्पा चिडवायचे, "आलात का, बाईसाहेब?"

पलंगावरून आवाज आला...

"आ...लात?"

काकांनी तोंड उघडलं. अख्खी वाटी संपवली. ती आनंदाने ढसाढसा रडली.

संध्याकाळी स्क्रीनवर पाहिलं, तर पप्पांच्या ओळीतलं पहिलं घर कोरं. वहीत बघून भरावं म्हणून तिने वही उघडली...

वहीतही कोरं. शाईचा डागसुद्धा नाही.

तेव्हापासून एकदा वाजवलं की एक घर जातं. न वाजवावं, तर काका घास घेत नाहीत. दोन दिवस तिने लॅपटॉप कपाटात ठेवून पाहिला. काका पाणीही न पिता कपाटाकडे बघत राहिले. डॉक्टरांना सांगणार काय, कपाळ?

आज दुपारी तिचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"एकच घर उरलंय रे. तेही गेलं, की पप्पा... कालपासून उपाशी आहेत. लॅपटॉपकडे बोट दाखवतायत... सांग ना, वाजवू का?"

मी हो म्हणालो नाही. नाहीही म्हणालो नाही.

फोन ठेवून तीन तास झालेत. तिला परत फोन करायची माझी हिंमत होत नाहीये.