गुणी बाळ

पाळण्यातली ओवी घसा सुकेपर्यंत रडत होती आणि तिची आई केतकी शेजारीच बसून शेंगा सोलत होती. एकेक दाणा टिपून, अगदी निवांत.

"अगं, कानात बोळे घातलेस का?" बाजारातून आलेल्या सुमित्राबाईंनी लेकीला विचारलं.

"रडतेय ती," केतकी म्हणाली. "पोट भरलंय. थेंब संपलेत, उद्या येतील दुकानात."

सुमित्राबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. नातीला उचलून त्या तशाच निघाल्या, थेट डॉ. वर्तकांकडे. हे थेंब शोधून काढणारे शास्त्रज्ञ निवृत्तीनंतर त्यांच्याच पेठेत राहत होते.

शांतथेंब आता घरोघरी होते. गुटी उगाळायची सहाण लोकांनी माळ्यावर टाकली होती. वर्षाचं होईपर्यंत रोज जिभेवर एक थेंब, मग बाळ रडत नाही. किती गुणी बाळ आहे हो, असं येणारा-जाणारा म्हणतो. थेंबांवर वाढलेल्या पहिल्या पिढीतली केतकी. तिच्या बारशाला सगळे हेच म्हणाले होते आणि सुमित्राबाई फुशारल्या होत्या. आज मात्र त्यांना त्या गुणीपणाचीच शंका आली होती.

"काय घातलंय त्या थेंबांत?" त्यांनी दारातच विचारलं.

"मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन असतं, थेंबांमुळे ते वाढतं," वर्तक म्हणाले. "मोठ्या माणसात ते निरोप्याचं काम करतं. औषध थांबवलं की परिणाम ओसरतो. पण तान्ह्या जिवात तेच गवंडी असतं. मेंदूतली कुठली भिंत कुठे उभी राहायची, ते ठरवतं. तेव्हा ते जास्त झालं, तर घरच वेगळं बांधलं जातं. ते पाडून पुन्हा बांधता येत नाही."

"हे तुम्हाला ठाऊक होतं?"

वर्तक चष्मा पुसत राहिले. "उंदराचं पिल्लू घरट्याबाहेर पडलं की बारीक आवाजात आईला हाक मारतं. थेंब दिलेली पिल्लं हाक मारेनाशी झाली. आम्ही पेढे वाटले."

"आणि ती मोठी झाल्यावर?"

"त्यांची पिल्लं हाका मारत होती. या आया ऐकत होत्या, पण उठल्या नाहीत. तोवर थेंब बाजारात गेले होते."

"आणि तुम्ही तोंड शिवून बसलात," सुमित्राबाई कडाडल्या. "माझ्याच हातांनी माझ्या पोरीचं वाटोळं करवलंत. जनाची नाही तर मनाची तरी लाज होती का तुम्हाला?"

वर्तक खाली बघत म्हणाले, "हिचं बांधकाम अजून चालू आहे. आजपासून थेंब बंद करा. रडू द्या. मात्र दर हाकेला कुणीतरी उठलं पाहिजे."

घरी येऊन सुमित्राबाईंनी केतकीला सगळं सांगितलं. सांगता सांगता त्या ओरडल्या, रडल्या, कपाळ बडवून घेतलं. केतकीने सगळं नीट ऐकून घेतलं.

"असं होय," ती म्हणाली. "बरं."

तिच्यावर चिडून तरी काय उपयोग, म्हणून सुमित्राबाई शिडी लावून माळ्यावरची सहाण काढायला चढल्या. खाली ओवीचं रडणं चालूच होतं. ते ऐकून त्यांच्या जिवात जीव होता. सगळी अडगळ उपसून सहाण हाताला लागते न लागते तोच ते थांबलं.

केतकी पाळण्याजवळ उभी होती, हातात छोटी बाटली.

"तिच्या रडण्याचा तुला फार त्रास होतोय ना, म्हणून शेजारून मागून आणले," ती मायेने म्हणाली. "बघ, कशी गुणी आहे."

सुमित्राबाई किंचाळल्या. मायलेकी दोघीही त्यांच्याकडे शांतपणे बघत राहिल्या.