नळीतलं ऊन

नारायणगावच्या स्टँडवर प्रांजलची नळी काही केल्या एसटीत शिरेना!

"ओ ताई, तोफ घेऊन निघालाय का?" कंडक्टर वैतागला. नळी होतीच तशी, माणसाएवढी लांब अन् आतून आरशासारखी चकचकीत. तेवढ्यात मागच्या सीटवरून एका पोराचा हात पुढे आला.

"द्या इकडं. माझ्या मांडीवर ठेवा."

गाडी वळली, खिडकीतलं ऊन नळीत घुसलं अन् थेट त्या पोराच्या डोळ्यांत! "आयला!" तो किंचाळला. प्रांजलला हसू आवरेना.

"काय आहे तरी काय हे?"

"छपरात बसवायची. वरचं ऊन आरशावर आपटत आपटत खाली अंधाऱ्या खोलीत उतरतं. वीज नको, बिल नको." अवसरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात ती शेवटच्या वर्षाला होती. ही पहिली नळी ओतूरला मामाच्या गोठ्यात बसवायची होती.

"म्हणजे ऊन विकता तुम्ही?"

"अजून कुणी घेतलं नाही."

"मी घेतो की..." तो गडबडला. "म्हणजे — ऊन!"

त्याचं नाव गोरक्ष. पुण्याची नोकरी सोडून ओतूरला आला होता. वडिलांच्या कांद्याच्या जुन्या खोलीत त्यानं काचेच्या टाक्या मांडल्या होत्या, त्यात मिठाचं पाणी कालवून शहरातल्या शोभेच्या मत्स्यटाक्यांसाठी पोवळी वाढवत होता. "दगड वाटतो, पण जितं जनावर आहे ते. त्याला उजेड लागतो. अन् आमच्याकडं लाईट कधी असते, कधी नसते..." वडिलांनी, सावळेरामांनी, बजावलं होतं, "दिवाळीपतूर बघतो. न्हाई जमलं तर टाक्या इकायच्या अन् गुमान पुण्याला जायचं."

मग काय! मामाची गाय राहिली बाजूला. नळी गोरक्षच्या पत्र्यावर चढली, अन् नळीमागोमाग प्रांजल.

"पडशील!" खालून शिडी धरून तो ओरडला.

"मग नीट धर ना!"

वरचा पारदर्शक घुमट बसला अन् खाली ऊन धो-धो उतरलं. पाणी हललं तशी उजेडाची जाळी भिंतभर नाचायला लागली. जांभळी, हिरवी पोवळी हळूच फुलली. गोरक्षनं आनंदानं तिचा हात धरला... अन् चटका बसल्यासारखा सोडला. परतीच्या गाडीत प्रांजल तोच हात उगाच बघत बसली होती.

चारच दिवसांत फोन आला. "प्रांजल... पोवळी पांढरी पडतायत."

ती धावत आली. टाकीत रंग उरलाच नव्हता म्हणा ना. "तुझी चूक नाही," गोरक्ष म्हणाला, "पण आता पुण्याला जावंच लागेल बहुतेक." ह्याला जाऊ द्यायचं नाही! एवढंच प्रांजलच्या मनात आलं, अगदी स्पष्ट.

मेलीत का ही? तिनं वाकून पाहिलं. टोकं अजून हलत होती. अन् एकदम तिला घरचा मेंढरं कोंडायचा वाडगा आठवला, आजोबा आठवले. लोकर कातरली की जानकूआजा मेंढरांना लगेच रानात सोडत नसे. आधी सावली, मग कोवळं ऊन, मगच रान.

"अरे, चुकलंच माझं! इतके महिने मिणमिणत्या दिव्याखाली होती ती, अन् मी एकदम भर उन्हात ढकलली. भाजली बिचारी!"

ती तडक पत्र्यावर चढली. गळ्यातली ओढणी काढून चौपदरी केली अन् घुमटावर सुतळीनं आवळली. "दर आठवड्याला एक घडी उलगडायची."

"मला नाही जमायची," गोरक्ष पटकन म्हणाला. "तूच ये."

ती आली. दर रविवारी आली, मामाकडं जाते असं सांगून. एक घडी उलगडायला कितीसा वेळ लागतो? पण शेवटची गाडी निघायची वेळ झाली तरी दोघं टाकीपाशीच! कुठं टोकाला जांभळी छटा दिसली की दोघं लहान पोरांसारखी ओरडायची.

दिवाळीच्या आदल्या रविवारी शेवटचा पदर निघाला. खाली पोवळी अशी रंगली होती, की सावळेराम टाकीपुढून हलेनात. "लई भारी राव! टाक्या न्हाई इकायच्या आता."

वर पत्र्यावर प्रांजल उन्हानं विटलेली ओढणी हातात धरून उभी होती. आनंद झाला होता, अन् रडूही येत होतं.

"झालं," ती म्हणाली. "आता माझं काम नाही."

"ओढणी राहू दे इथंच," शेजारी उभा गोरक्ष म्हणाला.

"का?"

"नेलीस तर परत कशाला येशील?"

"वेड्या, घडी उलगडायला येत होते का मी? ती काय, तुलाही जमली असती."

"पहिल्या दिवसापासून जमत होती," गोरक्ष म्हणाला. "तू यावीस म्हणून खोटं बोललो. आवडतेस तू मला, प्रांजल... लई."

तिनं त्याचा हात धरला. या वेळी कुणीच सोडला नाही.

"पोरी," खालून सावळेरामांची हाक आली, "आमच्या सैपाकघरात बी लई अंधार हाय बघ!"

"बसवते की मामा!" ती हसत ओरडली, अन् तेव्हाच तिला आपल्या सख्ख्या मामाची गाय आठवली. बिचारी अजून अंधारातच होती.