बिनचूक वाक्य

केडगावच्या प्राथमिक शाळेत शिकवणारी ज्योती दर रविवारी कल्याण सरांकडे फारसी शिकायला जायची. खरी हौस तिच्या थोरल्या बहिणीची. दिपाली श्रीरामपूरच्या कॉलेजात इतिहास शिकवायची. निजामशाहीचे जुने कागद स्वतः वाचायचे म्हणून तिनं क्लास लावला आणि धाकटीलाही ओढलं. ज्योती वाक्यं लिहायची, दिपाली हिरव्या पेनानं तपासायची. दिवाळीच्या तोंडावर डेंगीचं निमित्त झालं आणि चार दिवसांत दिपाली गेली. ज्योतीनं क्लास तेवढा सोडला नाही.

एका सकाळी शाळेत जाण्यापूर्वी दिपालीच्या टेबलाशी बसून तिनं दहा वाक्यं लिहिली. संध्याकाळी वही उघडली, तर तिसऱ्या वाक्यात 'आन किताब' आणि 'खरीदम' यांच्यामध्ये हिरव्या शाईत 'रा' भरलेला. 'ते पुस्तक मी विकत घेतलं' म्हणताना फारसीत पुस्तकामागे हा 'रा' लागतोच, आणि ज्योती तो हमखास विसरायची. त्यातला उभ्या रेघेचा अलिफ किंचित डावीकडे कलला होता. दिपालीचा कलायचा तसाच.

घरात दिवसभर आई एकटीच असायची.

"आई, माझ्या वहीला हात लावला होतास?"

"म्या कशाला लावू? टेबल पुसलं निस्तं." आईनं वहीत डोकावलं. "हिरवी शाई कुठली गं? तिचं पेन तर आपन तिच्यासंगंच चितेवर दिलं हुतं."

दुसऱ्या दिवसापासून ज्योती मुद्दाम चुकू लागली. 'रा' गाळायचा, 'मी'चं क्रियापद 'तू'ला लावायचं. शाळा सुटली की ती जवळजवळ पळत घरी यायची. एकही चूक कधी तपासायची राहिली नाही.

कल्याण सरांनी एका रविवारी वही बराच वेळ चाळली.

"दुरुस्त्या अचूक आहेत. पण या चुका तुझ्या नाहीत. एवढी कच्ची तू नाहीस."

ज्योतीनं वही जवळ ओढली. म्हणाली, "चुकले नाही तर ती येणार नाही, सर."

त्यांनी चष्मा काढून पुसला. अक्षर त्यांच्याही ओळखीचं होतं.

"एक वाक्य बिनचूक लिही," ते हळूच म्हणाले. "जाऊ दे तिला."

तिथंच बसून तिनं लिहिलं : 'खाहरम तन्हा अस्त.' माझी बहीण एकटी आहे.

सरांनी दोनदा वाचलं. "यात काही चूक नाही."

सोमवारी सकाळी वही टेबलावर ठेवून ती निघाली. त्या दिवशी घरी यायची तिला घाई नव्हती.

संध्याकाळी 'अस्त'वर हिरवी रेघ होती. वर लिहिलं होतं, 'नीस्त'. नाही.

माझी बहीण एकटी नाही.

ज्योतीनं वही खिडकीशी नेली. 'नीस्त'खाली बरोबरची खूण होती, लाल शाईत.

ती दिपालीच्या हातची नव्हती. सरांच्याही नव्हे.

शाई अजून वाळायची होती.