शेवटच्या चार जर्स्या

"फ्लेव्हिया टीचर, जर्स्या चोरीला गेल्यात!"

उत्तनच्या मैदानालगतच्या खोलीत संशोधक मिनल पिशवी उपडी करून उभी होती. जिल्ह्याच्या तेरा वर्षांखालील मुलींच्या फुटबॉल संघाची निवड थोड्याच वेळात सुरू होणार होती.

"सगळ्या?" क्रीडाशिक्षिका फ्लेव्हियांनी विचारलं.

"नाही. तेरा ते सोळा. शेवटच्या चार."

फ्लेव्हिया चमकल्या. त्या आकड्यांचा अर्थ फक्त दोघींनाच ठाऊक होता, निदान त्यांना तसं वाटत होतं. मिनलचं संशोधनच त्यावर होतं. वयोगट एक जानेवारीपासून धरतात. त्यामुळे जानेवारीतली मुलगी डिसेंबरातलीपेक्षा जवळजवळ वर्षाने मोठी असूनही दोघी एकाच गटात. मोठीची उंची, ताकद बघून निवड समिती तिलाच गुणी समजते. धाकटी मागे पडते, शेवटी खेळ सोडते. म्हणून मिनलने जन्मतारखेप्रमाणे आकडे लावले होते. सर्वांत मोठीला एक, सर्वांत धाकटीला सोळा. सामन्याआधी ती हे समितीला सांगणार होती. जर्स्या अजून वाटल्याही नव्हत्या.

सोळा दिव्यासाठी होता. दोनदा तिला नाकारलं होतं. आज नाही घेतलं तर खेळ बंद, असं वडिलांनी बजावलं होतं.

पहिला संशय हंसाबेनवर. त्यांची मुलगी इशिता जानेवारीची, सगळ्यांत उंच. परवा दिव्याने तिला चकवून गोल केला, तेव्हा हंसाबेन भर मैदानात दिव्यावर ओरडल्या होत्या.

"हंसाबेन, जर्स्यांचं काही कळलं?"

"मला काय ठाऊक? माझ्या इशिताला दहा नंबर द्या, बस. एक नंबर नको हं, तो गोलकीपरचा असतो!"

फ्लेव्हिया सहायक प्रशिक्षक ट्रेसीकडे वळल्या. ट्रेसी उत्तनचीच. काल मिनलला भाईंदर स्टेशनवरून रिक्षाने तिनेच आणलं होतं.

"ट्रेसी, काही जर्स्या सापडत नाहीयेत. पाहिल्यास?"

"न्हाय टीचर. एवढं काय त्यात? धाकट्या पोरी टी-शर्टवर खेळतील."

"दार लावून घे," फ्लेव्हिया शांतपणे म्हणाल्या.

ट्रेसीचा चेहरा उतरला.

"हंसाबेनच्या लेखी नंबर म्हणजे खेळायची जागा. चोराला मात्र माहीत होतं, शेवटच्या चार म्हणजे धाकट्या मुली. मी नुसतं 'काही जर्स्या' म्हटलं. धाकट्यांच्या गेल्या, हे तुला कुणी सांगितलं?"

मिनल दचकली. "रिक्षात मी फोनवर सगळं बोलत होते... ही शेजारीच होती."



"माझा जन्म एकतीस डिसेंबरचा हाय," ट्रेसी म्हणाली. "दरवर्षी निवडीला जायची. बारकी हाय म्हणून परत धाडायचे. तेव्हा माझ्या पाठीवर कुणी आकडा लावला न्हाय. आणि दिव्याला लावणार?"

"दिव्याला तूच शिकवलंस ना?"

"म्हणून तर बघवत न्हाय. ती माझ्याहून चांगली खेळते."

जर्स्या तिच्या घरी मासेमारीच्या जाळ्यांच्या ढिगाखाली होत्या. तिने त्या आणून दिल्या. फ्लेव्हियांनी तिला संघापासून दूर केलं. सामना तिने कुंपणाबाहेरून पाहिला. दिव्याने दोन गोल केले तरी ट्रेसीचे हात टाळीसाठी उचलले गेले नाहीत.

संध्याकाळी दिव्या धावत कुंपणाशी आली. "दीदी, घेतलं मला!"

ट्रेसीला हसू आणायला वेळ लागला. मग तिने प्रयत्नच सोडला.

"दिव्या, तुझी जर्सी मीच चोरली होती."