नववीतली जास्तीची मुलगी

प्रज्ञेश ओव्हाळ शनिवार पेठेतल्या एका छोट्या संशोधन संस्थेत संख्याशास्त्राचं काम करायचा. शहरातली किती मुलं एका इयत्तेतून पुढच्या इयत्तेत जातात, किती त्याच वर्गात राहतात, किती शाळा सोडतात, याचं गणित मांडायचं आणि पुढच्या वर्षीचा अंदाज काढायचा, हे त्याचं काम. मूल या तीनपैकी एका वाटेनं जाणार. चौथी वाट नाही.

जुलैमध्ये गुलटेकडीच्या एका शाळेचा हिशेब जुळेना. आठवीतून जेवढी मुलं वर गेली, त्यापेक्षा नववीत एक जास्त पोचलं होतं. बाहेरून नवीन प्रवेश एकही नव्हता.

"सर, टायपिंगची चूक असेल," शेजारच्या टेबलावरची मिसबा म्हणाली. "एका मुलानं आपलं मॉडेल थोडंच कोसळतंय?"

"मॉडेल नाही कोसळत. माझी झोप उडते."

दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्कूटर काढून शाळेत गेला. मार्केट यार्डातला कांद्याचा आणि ओल्या पोत्यांचा वास थेट शिक्षकांच्या खोलीपर्यंत येत होता. गेल्या वर्षी आठवीच्या वर्गशिक्षिका असलेल्या कल्याणीबाई वह्या तपासत बसल्या होत्या. प्रज्ञेश नववीतलं एकेक नाव वाचू लागला. त्या मान न उचलता "हो, हो" म्हणत राहिल्या. पूर्वा या नावाला मात्र त्यांचं पेन थांबलं.

"पूर्वा? अशी कुणी नव्हती माझ्या वर्गात."

"नक्की?"

"अहो, वर्षभर मी शिकवलंय त्यांना. आपण नव्हतात तिथं."

शिपायानं मुलीला बोलावून आणलं. दोन वेण्या, तर्जनीला शाईचा डाग, उसवलेला खिसा. चारचौघींसारखी मुलगी.

"येऊ का बाई?"

कल्याणीबाईंचा चेहरा सैलावला. "ये गं. गेले की कांजिण्यांचे डाग!" मग प्रज्ञेशकडे वळून म्हणाल्या, "आठवीत महिनाभर घरी होती ही. तरी गणितात पहिली."

"बाई, आत्ताच तुम्ही म्हणालात, अशी कुणी नव्हती."

"मी?" बाईंनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. "आपला दुपारचा चहा राहिलाय का?"

त्या थट्टा करत नव्हत्या. प्रज्ञेशनं मुलीला विचारलं, "राहतेस कुठं?"

"बिबवेवाडीला."

"घरी कोण कोण असतं?"

ती एकदम लाजली. बाईंसमोर कुणी मुद्दाम चिडवावं तशी. "काय हे!" म्हणाली आणि वर्गाकडे पळाली.

प्रज्ञेशही बिबवेवाडीलाच राहायचा.

तो ऑफिसला परत गेला नाही. घराच्या रस्त्याला लागला, आणि स्कूटरवर पुढे उभं राहिलेल्या लहान मुलीचे केस आपल्या हनुवटीला लागताहेत, असं त्याला आठवलं. वाटलं नाही, आठवलं. खोबरेल तेलाच्या वासासकट. त्यानं स्कूटर कडेला घेतली आणि मोठ्यानं म्हणाला, "मला मूल नाही."

ते खरंच होतं. त्याच्या बायकोनं, संस्कृतीनं, आणि त्यानं दवाखाने पालथे घातले होते, आणि मग दोघांनी तो विषय बंद केला होता. घरातल्या छोट्या खोलीत इस्त्रीचे कपडे पडलेले असत. हे सगळं त्यानं मनातल्या मनात तपासून पाहिलं. कुठंही चूक नव्हती.

चौकातल्या स्टेशनरीच्या दुकानात तो पेन घ्यायला थांबला.

"ग्राफची वही द्या," त्याच्या तोंडून निघालं.

"कितवीसाठी?"

"नववी."

वही हातात आल्यावर त्यानं ती उलटसुलट करून पाहिली. परत द्यावी असं मात्र त्याला वाटलं नाही.

घरी संस्कृती जमिनीवर बसून मेथी निवडत होती.

"आज एवढ्या लवकर?"

"ऐक ना. आज एका शाळेत—"

संस्कृतीची नजर त्याच्या हातातल्या वहीवर गेली. मेथीची काडी तिच्या बोटांत तशीच राहिली.

"पूर्वासाठी आणलीस?" तिनं अगदी हळू विचारलं.

प्रज्ञेश भिंतीला टेकून खाली बसला. "तुला कशी माहीत ती?"

"सोमवारी दारात उभी होती. मला 'आई' म्हणून हाक मारली. तेव्हापासून रोज येते, जेवते आणि तू यायच्या आत जाते."

"कोण आहे ती?"

"मी विचारलं नाही." संस्कृतीचे डोळे भरून आले. "तूही विचारू नकोस, प्रज्ञेश."

"अगं, हे असं होऊच शकत नाही."

"माहितेय मला."

जिन्यावर चपला वाजल्या.

पूर्वा आत आली, दप्तर ठेवलं, आणि त्याला बघून जागीच थबकली. वेण्यांना खोबरेलाचा वास होता.

"बाबा, एक विचारू?"

त्यानं वही जमिनीवर ठेवली.

"तुमच्या त्या गणितात पुढच्या वर्षी मला दहावीत धरलंय ना?"

संस्कृतीनं मान वर केली नाही. तिचा श्वाससुद्धा ऐकू येत नव्हता.

"धरलंय," प्रज्ञेश म्हणाला.

"मग आता मला जायला नको," पूर्वा म्हणाली, आणि तिनं आतून दाराला कडी घातली.