राखेतल्या तारा

वैनगंगेवर पोहायला जायचं सगळं ठरलं होतं. सुटीसाठी पवनीहून टिकाराम कोंढ्याला आला होता, भाकरी बांधून झाल्या होत्या. त्याची चुलतबहीण चंद्रकला आणि शेजारची शकुन चपला घालत होत्या. चंद्रकलेचा पाच वर्षांचा भाऊ इश्वर सगळ्यांच्या आधी अंगणात उतरला आणि खोकू लागला. खोकता खोकता तो खाली बसला. छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, ओठ निळसर पडले. चंद्रकलेच्या हातातला डबा गळून पडला.

अड्याळच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर धाप थांबली. पण या महिन्यात कोंढ्याहून आलेलं हे सहावं लेकरू, असं ते म्हणाले, तेव्हा तिघंही चमकली. ती सहाही लेकरं राईस मिलमागच्या गल्लीतली होती, खालच्या गल्लीतलं एकही नव्हतं.

मोठी माणसं म्हणाली, ऊन बाधलं. मग खालच्या गल्लीत ऊन पडत नाही का, असं टिकारामनं विचारलं.

शकुनला आठवलं, काळे ठिपके दुपारी वाळत घातलेल्या धोतरांवरच पडतात, सकाळच्या नाही. त्यांनी चार पांढऱ्या बशांना जवसाचं तेल चोपडलं आणि दोन्ही गल्ल्यांतल्या छपरांवर सकाळी दोन, दुपारी दोन अशा ठेवल्या. तीन बशा जवळजवळ स्वच्छ राहिल्या. मिलमागची दुपारची बशी मात्र काळी झाली. तिला जळक्या रबराचा वास येत होता.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, गाव दारं लावून झोपलेलं असताना, तिघं मिलच्या मागच्या भिंतीशी गेली. विटांच्या फटीतून चंद्रकलेनं आत पाहिलं. तोंडाला दुपट्टा बांधलेला एक माणूस ट्रकचा जुना टायर भट्टीत ढकलत होता. काळ्या धुराचा लोट उठला. माणसानं घाम पुसायला दुपट्टा सोडला.

तो तिचा बाप होता.

शकुननं तिचा हात धरला. चंद्रकला तडक घरी निघाली. संध्याकाळी तिनं ती बशी बापापुढे, डोमापुढे ठेवली.

"बाबा, इश्वरच्या छातीत हेच जाऊन राहिलं."

डोमा बशीकडे बघतच राहिला. भट्टीत जाळायचं धानाचं तूस मालक वीटभट्टीला विकायचा, म्हणून त्यानं भट्टीवर कामाला असलेल्या डोमाला दुपारी टायर जाळायला सांगितलं होतं. "धूर त वर जाते, मले वाटलं," तो कसाबसा म्हणाला. त्या रात्री तो जेवला नाही.

तिघांनी बशी सरपंच भय्याजींना नेऊन दाखवली, आणि दोन दिवसांनी त्यांनी चावडीवर सगळ्यांना बोलावलं. मिलमालक पुंडलिकराव हसत म्हणाले, आपल्या भट्टीत धानाच्या तुसाशिवाय काही जात नाही, पोरांच्या बशीवर चुलीची काजळी असेल. भय्याजींनाही ते पटत चाललं होतं. तेव्हा टिकारामनं नम्रपणे विचारलं, मिलमागचा राखेचा ढीग कशाचा?

"तुसाचा. दुसरा कशाचा असन?"

शकुननं सोबत आणलेलं पोतं उलटं केलं. लोखंडी तारांची जळकी कडी खणखणत जमिनीवर पडली. तेवीस होती. टायर जळतो, त्याच्या काठातली तार जळत नाही. ती तिघांनी त्याच ढिगातून उपसली होती.

पुंडलिकरावांचं हसू मावळलं. तरी ते काही बोलू पाहत होते, तोच मागून डोमा उठला.

"मीच जाळले, भय्याजी. माह्याच पोराचा श्वास कोंडला."

पुंडलिकरावांनी मान खाली घातली. टायर त्याच दिवशी बंद झाले. भट्टीचं धुराडं दुप्पट उंच होईपर्यंत मिल बंद राहील, असं भय्याजींनी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात डॉक्टर गावात आले. त्यांनी सगळ्यांसमोर तिघांची पाठ थोपटली. "मी औषध देत होतो. रोग यांनी शोधला," ते म्हणाले. गल्लीतली लेकरं तपासून झाल्यावर त्यांनी डोमालाही बसवलं. मले काय झालं, असं म्हणत तो बसला. डॉक्टरांनी नळी छातीवर ठेवली, मग पाठीवर, मग पुन्हा छातीवर. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू गेलं.

"डोमाजी, धूर तुमच्याही छातीत बसला आहे. पुन्हा भट्टीजवळ जायचं नाही. पोरीनं वेळेवर पाहिलं तुम्हाला."

डोमानं चंद्रकलेकडे पाहिलं. ती बापाला बिलगली आणि त्याचा श्वास ऐकत उभी राहिली.